होम की व्हिजिटर

आबा, मागच्या शनिवारी मी फुटबॉलची मॅच बघायला गेले होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, तुला काय कळतंय त्यातलं. तुमच्याएवढंच कळतं. तीस वर्षं कॉलेजच्या मैदानावर शिपाई होता, पण एक तरी मॅच तुम्ही पुरती बघितलीत का? तुमचं सगळं लक्ष रेषांवर. कुणाच्या बुटानं रेषेची चुन्याची फक्की विस्कटली, कुणी कोपऱ्यातला झेंडा वाकवला, जाळीला कुठं भोक पडलं. अख्खं कोल्हापूर भिंतीवर चढून ओरडत असायचं आणि तुम्ही खेळाकडे पाठ करून गोलच्या मागचं गवत उपटत बसलेले असायचा. गोल झाला की वर बघून विचारायचा, कुणी मारला? मग तेही विसरायचा. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

मी आता कतारमध्ये असते, दोहात, तुमच्या नातवाच्या घरी. तुमच्या जावयांनी याच देशात बावीस वर्षं काढली, तिकडे पश्चिमेला दुखानला, तेलाच्या कंपनीत फिटर म्हणून. बायकापोरांना आणायची परवानगी त्यांच्या हुद्द्याला नव्हती, त्यामुळे ते इथं आणि मी तिथं असाच आमचा संसार झाला. ते परत आले, आठ वर्षं माझ्यासमोर आरामखुर्चीत बसले आणि गेले. त्याला चार वर्षं झाली. ते होते तेव्हा मला इथं येता आलं नाही, आणि आता ते नाहीत तर मी इथं आहे. मुलगा एकदा गाडीनं दुखानला घेऊन गेला. म्हणाला, उतर, बाबा इथंच राहायचे. मी उतरले नाही. बारा महिन्यांतले अकरा महिने माणूस जिथं आपल्यावाचून राहिला, ती जागा उतरून काय बघायची?

इथल्या लोकांच्या हिवाळ्याबद्दल ते पत्रात लिहायचे आणि मला खोटं वाटायचं. खोटं नव्हतं. दिवाळीनंतर ऊन जरा मऊ झालं की ही माणसं फुगलेली जाकिटं घालून फिरायला लागतात, कानाला टोप्या, हातात कागदी पेल्यातला चहा. आपलाच कडक चहा, यांनी त्याला करक केला आणि वर आम्हालाच शिकवतात. आपल्याकडे अशा हवेत बायका अंगणात बसून पापड लाटतात. मी मॅचला जाताना तुमच्या जावयांचा राखाडी स्वेटर घातला होता, तो थंडीसाठी नव्हे.

मला तिथं जायचंच नव्हतं. मला पाठवलं गेलं. नात वीस वर्षांची आहे, इथल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते आणि फुटबॉल खेळते. गोलकीपर. मागच्या सहामाहीत तिच्या डाव्या हाताचं बोट मोडलं आणि दोन विषय राहिले, तेव्हा तिच्या बापानं सांगितलं की डिग्री हातात पडेपर्यंत खेळ बंद. ती ओके म्हणाली. ती सगळ्यालाच ओके म्हणते. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. पुढे म्हणाली, मी टीमची नुसती मॅनेजर आहे, पाण्याच्या बाटल्या आणि नावांची यादी सांभाळते. मग एके दिवशी कपडे धुवायच्या मशीनच्या तळाशी मुलाला काळे रबराचे दाणे सापडले. इथल्या मैदानांवर गवत प्लास्टिकचं असतं, त्यात ते दाणे टाकलेले असतात. मुलगा ते दाणे तळहातावर घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, बाटल्या सांभाळणारीच्या मोज्यात हे कुठून येतात, आई?

त्याला स्वतः जाऊन बघता येत नव्हतं. मुलींची मॅच, पुरुषांना आत सोडत नाहीत, आणि फोनच्या कॅमेऱ्यावरसुद्धा दारात चिकटपट्टी लावतात. सून नर्स आहे, तिची शनिवारी ड्यूटी. राहिली कोण? म्हणाला, आई, तू जा. काही बोलू नकोस, फक्त बघून ये. खेळत असली तर रविवारी ऑफिस उघडलं की, इथं सुट्टी शुक्रवार-शनिवारची, कोचला फोन करून नाव काढायला लावतो. चाळीस ओलांडलेला माणूस, हाताखाली बारा माणसं, आणि आपल्या पोरीवर पाळत ठेवायला म्हाताऱ्या आईला पाठवतो. हे मी त्याला बोलले नाही. बरं म्हणाले. मी त्याच्या घरात राहते, त्याच्या नावावर मिळालेल्या रहिवासाच्या कार्डावर राहते. बरं म्हणायला मी तुमच्या घरात शिकले होते.

मॅच दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर होती, म्हणजे आमच्या पोरी पाहुण्या. अझीझियातल्या आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटं. मुलगा बाहेर गाडीतच बसला. मी आत गेले तर दारात एक गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेली पोरगी उभी, हातात दोन रंगांच्या कागदी पट्ट्या. तिनं विचारलं, "होम ऑर व्हिजिटर?"

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. मी पहिल्यांदा आले ती व्हिजिट व्हिसावर. मग मुलानं पुष्कळ धावपळ करून मला इथं राहायची परवानगी मिळवली आणि माझ्या फोटोचं कार्ड आलं. त्यानंतर एकदा दवाखान्यात खिडकीतल्या बाईनं विचारलं, व्हिजिटर? आणि मी हो म्हणाले. झालं, दुसऱ्या रांगेत तासभर उभी. मुलगा इतका चिडला की महिनाभर रोज माझ्याकडून पोपटासारखं म्हणून घेतलं. तू व्हिजिटर नाहीस. तुझं घर इथं आहे. कुणी विचारलं तर कार्ड दाखवायचं आणि होम म्हणायचं. तर मी पिशवीतून कार्ड काढलं, त्या पोरीच्या नाकासमोर धरलं आणि मोठ्यानं म्हणाले, "नो व्हिजिटर. होम."

तिनं कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या मनगटाला यजमानांची लाल पट्टी बांधून मला त्यांच्या बाजूला पाठवून दिलं. मी ऐटीत गेले. मऊ खुर्च्या होत्या, वर छप्पर होतं. मला वाटलं, मुलाचं शिकवणं कामी आलं.

माझ्या शेजारी एक बाई बसलेली, पन्नाशीची, डोक्यावर काळा रुमाल, पायाशी थर्मास. माझ्या पिशवीवर आपल्या पेठेतल्या कापडाच्या दुकानाचं नाव आहे, ते वाचून म्हणाली, कोल्हापूरच्या काय? मी म्हणाले, व्हय. ती रत्नागिरीची निघाली. दोहातच मुंतझात राहते, नवरा कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीत क्लार्क, वीस वर्षं झाली. तिची धाकटी सात नंबरचा शर्ट घालून यजमानांकडून खेळत होती. मग तिनं विचारलंच, तुमची कोण? मी म्हणाले, कोणी नाही, अशीच आले. ती हसली. कोल्हापूरच्या लोकांना फुटबॉलचं वेडच हो, म्हणाली. मी मान हलवली. एवढ्या वर्षांत मला कुणी फुटबॉलवेडी म्हटलं नव्हतं.

आणि आबा, कसला तो थाट. वीस-बावीस पोरींचा खेळ आणि चार ठिकाणी कर्णे. एक बाई मध्येच इंग्रजीत, मध्येच अरबीत ओरडून सांगते की आता अमकीकडे चेंडू आहे, जसं काही आम्ही आंधळ्या आहोत. ढोल वाजवणाऱ्या पोरींना ताल नाही. मका फुगवून विकत होते. मैदानावर रेषा आहेत, पण त्या रंगवलेल्या, पुसतच नाहीत. कुणी वाकून दोरी धरलेली नाही, कुणाच्या हाताला भेगा नाहीत. तुमची सगळी जिंदगी ज्या कामात गेली ते काम इथं रंगाच्या डब्यानं एकदाच करून टाकलंय. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. राग आला.

आमच्या पोरी निळ्या शर्टात आल्या आणि शेवटी ती आली, पिवळ्या शर्टात, हातात ते गोलकीपरचे जाड पंजे, बोटाला पट्टी. बाटल्या सांभाळणारी. ती सरळ आमच्या समोरच्याच गोलमध्ये जाऊन उभी राहिली, आपल्या घरापासून विहीर होती तेवढ्याच अंतरावर माझ्यापासून. वर बघितलं असतं तर मी दिसले असते. तिनं बघितलं नाही. मी स्वेटरची कॉलर वर केली, जशी काही मी चोर.

आता खरं ते सांगते. ती काही मोठी खेळाडू नाही. चेंडू येतो तेव्हा ती आधी एका पायावर उडी मारते आणि मग ठरवते कुठं जायचं ते. पहिला गोल दहाव्या मिनिटाला झाला आणि तो मारला माझ्या शेजारणीच्या धाकटीनं. ती बाई उभी राहते, यल्ला यल्ला ओरडते आणि मला मिठी मारते. तिच्या रुमालाला अत्तराचा वास येतोय, थर्मास लवंडतोय, आणि मी माझ्याच नातीनं खाल्लेल्या गोलबद्दल तिच्या मिठीत उभी आहे. बघा, माशाल्ला, कशी मारली, म्हणते ती. बघितली, म्हणते मी.

दुसऱ्या गोलला मला राहवलं नाही. चेंडू अगदी साधा होता, वरून आलेला, पोरीनं दोन पावलं पुढं यायची आणि कवटाळायचा. ती हात वर करून उभीच. मी कधी उठले मला कळलं नाही. "अगं धर की!" मी ओरडले. "हात काय पूजेला ठेवलेस व्हय?"

चेंडू जाळीत गेला. आमच्या बाजूची सगळी मंडळी गोल झाला म्हणून ओरडायच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागली. आणि जाळीतून चेंडू काढायला वळलेल्या पोरीनं वर बघितलं. तिनं मला ओळखलं, आणि मी तिथं का आलेय हेही तिला त्याच घटकेला कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेचा निकाल लागल्यावर होतो तसा चेहरा होता.

शेजारीण खाली बसली. सावकाश थर्मासचं झाकण लावलं. "अशीच आलेली बाय एवढी ओरडत नाय हो," ती म्हणाली. "तुमची नात काय ती? मग व्हिजिटर सांगायचं ना दारात." मी तिला कार्डाचं सगळं रामायण सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिलाही तिच्या सासूनं विमानतळावर असंच काहीतरी करून दाखवलं होतं म्हणे. अर्ध्या वेळेला गळ्यात पट्टा घातलेली दुसरी एक पोरगी मला समोरच्या बाजूला न्यायला आली. "जावा, जावा तुमच्या लोकांत," शेजारीण म्हणाली. "तवर आमची अजून एक मारते तुमच्या पोरीला."

ती पट्टेवाली पोरगी सरळ मैदानातूनच निघाली, तोच जवळचा रस्ता. मी रेषेच्या बाहेरून गेले. एवढा मोठा वळसा, कोपऱ्यातल्या झेंड्याच्याही मागून. ती पलीकडे हाताची घडी घालून माझी वाट बघत उभी. मला स्वतःची किळस आली. पन्नास वर्षं झाली, तुम्हाला जाऊनही चोवीस वर्षं झाली, रेषा तुमच्या नव्हत्या, फक्कीच्याही नव्हत्या, तरी पाय आत पडला नाही.

पाहुण्यांच्या बाजूला छप्पर नव्हतं. ऊन तोंडावर. आम्ही सगळ्या मिळून सातजणी, त्यातली एक मास्तरीण फोनमध्ये डोकं घालून बसलेली. दुसऱ्या अर्ध्यात मी तोंड मिटून बसले. पोरीनं दोन चेंडू अडवले, त्यातला एक चांगला अडवला, पडून. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग शेवटी शेवटी एक चेंडू सरपटत आला, लहान पोरानं ढकलावा इतका हळू, आणि तिच्या दोन पायांच्या मधून आत गेला. ढोल थांबले. कर्ण्यातली बाई हसली, सगळ्यांना ऐकू आलं. पोर गुडघ्यावर बसली, पंजे तोंडावर घेतले.

मी वाट बघत होते, आबा. कशाची ते सांगायला नको. मी त्या मास्तरणीकडे बघितलं, कोचकडे बघितलं. कोणीतरी आता येईल आणि मारेल असं मला खरंच वाटत होतं, अंग ताठ करून बसले होते. आणि तिच्या टीममधल्या पोरी धावत आल्या. एकीनं पाठीवर थाप मारली, एकीनं तिच्या डोक्यावरचे केस विस्कटले, आणि रत्नागिरीवालीची सात नंबर तिथून पळत येऊन हात देऊन तिला उठवून गेली. काहीतरी बोलल्या, आणि पोर हसली. हसली. मग तिनं चेंडू बाहीला पुसला आणि लांब, मैदानाच्या मध्यावर मारला. खेळ पुढं सुरू. तीन गोल खाल्ले, शेकडो माणसांसमोर, आणि कुणी तिला हात लावला तो उठवायलाच.

मी तेरा वर्षांची होते. शाळा सुटली की फक्कीची बादली धरायला मी तुमच्याबरोबर यायचे. तुम्ही लांब, दुसऱ्या टोकाला, दोरी ताणत होता. कॉलेजची पोरं सराव करत होती आणि चेंडू गडगडत माझ्यापाशी आला. मी तो लाथ मारून परत पाठवला. पोरं म्हणाली, आणि एक मार. मी परकर खोचला, रेषेच्या आत गेले आणि आणखी एक मारला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या. व्हरांड्यात खेळाचे सर येऊन उभे राहिले. मग तुम्ही आलात. तुम्ही काही विचारलं नाहीत. फक्कीनं भरलेल्या हातानं कानाखाली मारलीत, सगळ्यांसमोर, आणि म्हणालात, पोरीच्या जातीनं रेषेच्या आत पाय ठेवायचा नाही. पोरं हसली. तुमची पाच बोटं माझ्या गालावर पांढरी उमटली होती, ती पुसायचंही मला सुचलं नाही, तशीच घरी गेले. सोमवारपासून माझी शाळा बंद. शाळेचं दार मैदानावरच उघडायचं, आणि दुसरी शाळा लांब होती. लोकांना तुम्ही सांगितलंत, परिस्थिती नाही. आईनंही तेच सांगितलं. मग मीही तेच सांगायला लागले. तुमच्या जावयांना तेच सांगितलं, मुलाला तेच सांगून वाढवलं. जावई जाईपर्यंत तेच खरं मानत होते.

आणि मग तुम्ही पुस्तकं आणायला लागलात. कॉलेजच्या लायब्ररीतून रद्दीत निघालेली, कव्हर नसलेली, पहिली पानं गेलेली, शेवटची पानं गेलेली. तुम्हाला नीट वाचता यायचं नाही, म्हणून हाताला येईल ते आणायचा. रसायनशास्त्र, अर्धी कादंबरी, आंब्यावरची कीड, कुठल्याशा राजाचं चरित्र. सदऱ्याच्या आत लपवून आणायचा आणि चुलीशेजारी ठेवायचा, काही न बोलता. मी सगळं वाचलं. कादंबऱ्यांचे शेवट मी मनानंच करायचे. शाळा तुम्ही बंद केलीत आणि पुस्तकंही तुम्हीच आणलीत. ही दोन्ही कामं एकच माणूस कशी करतो, हे इतकं वाचूनही मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

मॅच संपली तेव्हा माझं ठरलं होतं. मुलाला सांगायचं, ती खेळत नव्हती, बाकावर बसली होती. खोटं बोलायची मला सवय आहे, तुमच्यासाठी पन्नास वर्षं बोलले, तिच्यासाठी एकदा बोलायला काय हरकत. गाडीत बसले. मुलानं दोन तास शेंगा खाऊन टरफलांचा ढीग केला होता. तो खेळली का म्हणून विचारील, मी नाही म्हणीन, असं मी तयारच होते. पण त्यानं ते विचारलं नाही. गाडी सुरू करता करता सहज म्हणाला, "कोण जिंकलं?"

"जिंकतायत कसल्या," मी म्हणाले. "तीन खाल्ले तुझ्या लेकीनं. तिसरा तर पायातनं गेला."

माझं हे तोंड. तुम्ही म्हणायचा, हिच्या जिभेला हाड नाही. दिवसभर सगळ्याला नावं ठेवून ठेवून ती जीभ इतकी सैल झाली होती की आपोआपच पुढं गेली. मुलानं रेडिओ बंद केला. पोर टीमच्या बसनं नंतर आली, पिशवी दारात ठेवली, बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "थँक यू, आज्जी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. जेवली नाही. सून ड्यूटीवरून आली, तिनं आमची तोंडं बघितली आणि पोरीचं ताट झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी सात वाजता मुलगा ऑफिसचे कपडे घालून स्वयंपाकघरात उभा, एका हातात चहा, एका हातात फोन, कोचचा नंबर शोधत. तुमचा फोटो तिथंच आहे, फ्रिजच्या वरच्या भिंतीवर. तुम्ही टोपी घातलेला तो. कामावर निघताना तो रोज त्या फोटोला हात लावून कपाळाला लावतो. मी म्हणाले, राहू दे रे, खेळू दे पोरीला. त्यानं मान हलवली. तो वाईट माणूस नाही, आबा. तो म्हणाला, "आई, तू हे म्हणतेस? परिस्थितीनं तुझी शाळा सुटली. आबांच्या जिवाला ते शेवटपर्यंत लागलं होतं, म्हणून त्यांनी मला शिकवलं. घरात पुन्हा कुणाचं शिक्षण अर्धवट राहायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे."

मीच शिकवलेलं. माझंच वाक्य, माझ्याच मुलाच्या तोंडात, आणि त्यानं माझ्या नातीचं दार बंद होत होतं. मी गॅस बंद केला.

"माझी शाळा परिस्थितीनं सुटली नाही," मी म्हणाले. "मी फुटबॉलला लाथ मारली म्हणून सुटली."

मग सगळं सांगितलं. बादली, टाळ्या, तुमचा हात. उभ्या उभ्याच, चपातीचं पीठ हाताला तसंच. त्यानं दोनच प्रश्न विचारले. आबांनी? मी म्हणाले, व्हय. सगळ्यांसमोर? मी म्हणाले, सगळ्यांसमोर. त्यानं फोन पालथा करून ओट्यावर ठेवला. चहा गार झाला, म्हणाला. मग निघाला, आणि फोटोला हात न लावता गेला.

त्यानं फोन केला नाही. संध्याकाळी पोरीला बोलावून सांगितलं की राहिलेले दोन विषय आधी काढायचे आणि बोटाला नीट पट्टी बांधूनच खेळायचं. ती ओके म्हणाली. तिला वाटतंय की तिनं जेवण सोडलं म्हणून बाप नरमला. वाटू दे. माझ्याशी ती चार दिवसांनी बोलली, तेही काय, तर तिसरा गोल खरंच तितका वाईट होता का. मी म्हणाले, त्याहून वाईट होता. मुलगा आता रोज फोटोसमोरून जातो, खिसे चाचपत, किल्ल्या शोधत.

हे मी सुनेच्या एका जुन्या डायरीत लिहितेय. फाडून कुठं पाठवायचं नाही आणि कुणाला दाखवायचंही नाही. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसले. मुलाला मी अर्धंच सांगितलं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं मला हळद लावताना सांगितलं होतं की तुम्ही मला मारलंत त्या संध्याकाळी खेळाच्या सरांनी तुम्हाला ऑफिसात बोलावलं होतं. शिपायाची पोरगी पुन्हा या मैदानाच्या आसपास दिसली तर नोकरीही जाईल आणि राहायची खोलीही, असं म्हणाले होते. दोन तास तुम्हाला उभं ठेवलं होतं. परत आलात तेव्हा तुम्ही जेवला नाहीत, असंही आई म्हणाली. हे मला स्वयंपाकघरात उभी असताना आठवत होतं, अगदी जिभेवर होतं. सांगितलं असतं तर मुलगा म्हणाला असता, बघ, त्यांचा नाइलाज होता, आणि ओट्यावरचा फोन परत उचलला असता. म्हणून गिळलं. पोरीची पुढची मॅच पंधरा दिवसांनी आहे. तोवर तरी मी त्याला बाकीचं सांगणार नाही. नंतर सांगेन असंही मला वाटत नाही.